भुसावळच्या कॉमिक आर्टिस्टकडून ८ पानी पुस्तिका करून घेतली, त्याचा रिव्ह्यू (लांब आहे, चहा घेऊन बसा)

रेटिंग आधीच देऊन टाकतो, ५ पैकी ४. एक स्टार कशाचा कापला ते पुढे येईल. एवढं लांब लिहायचं कारण असं की ही सर्व्हिस घेतलेला माणूस आपल्या भागात मला एकही भेटला नाही, विचारायचं कोणाला हाच प्रश्न होता, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सवाले गल्लोगल्ली आहेत पण कॉमिक काढून देणारा पाहिजे म्हटलं की लोक तोंडाकडे बघतात.

आमचं रावेर तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे, मी आणि मोठा भाऊ मिळून बघतो. मृगबागेची (जून-जुलैची) लागवड झाली आणि हवा ढगाळ राहिली की केळीत सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) दिसायला लागतो, आपल्याकडे हरण्या म्हणतात तोच. व्हायरस आहे, एकदा रोपात शिरला की त्या रोपाला औषध नाही. रोप उपटायचं, बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं, हा रोग पसरवणारा मावा, म्हणजे ती बारीक कीड, आटोक्यात ठेवायचा, बागेत नि बांधावर काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो असलं काही लावायचं नाही, तण वाढू द्यायचं नाही. संपलं. पण एवढंच सांगता सांगता दरवर्षी घसा बसतो, कारण काउंटरवर येणारा माणूस एकच विचारतो, "यावर मारायला काय देता भो?" आणि आपण नाही म्हटलं की तो पुढच्या दुकानात जातो. पत्रकं वाटून झाली, बारीक अक्षरात छापलेली, लोक त्यावर वडापाव खातात. मग डोक्यात आलं की गोष्टीसारखं चित्रांत दाखवावं, आम्ही लहानपणी इंद्रजालमधला वेताळ एका बैठकीत वाचायचो, धड्याचं एक पान वाचायला जीव जायचा.

तर आर्टिस्ट सापडला भुसावळला. रेल्वे क्वार्टरच्या बाजूच्या भागात एका खोलीत काम करतो, पुण्यात शिकून परत आलेला, वय पंचविशीचं. त्याचा कोटेशनचा मेसेज आला तो असा: रंगीत पानाला १८०० रुपये, कव्हरचे वेगळे, अर्धे पैसे आधी, पेन्सिलच्या स्टेजला दोनदा बदल फुकट, शाई झाल्यावर बदल केला तर त्याचे पैसे, आणि वेळ दोन महिने.

दोन महिने वाचून दादा उखडला. "आठ पानाला दोन महिने? पेपरात कार्टून रोज येतं ना?" त्याचंही बरोबर वाटत होतं. मी पोराला तसंच विचारलं तर तो अजिबात चिडला नाही, म्हणे भाऊ, पेपरातलं पॉकेट कार्टून म्हणजे एक चौकट, एक विनोद, त्यातही डोकं दिवसभर चालतं पण हात थोडा वेळ चालतो. तुमच्या पानात सहा चौकटी, प्रत्येकीत तोच नाना, म्हणजे तुमच्या गोष्टीतला शेतकरी, एकदा समोरून, एकदा मागून, एकदा वाकलेला, एकदा लांब बांधावर उभा, आणि सगळीकडे तो तोच माणूस वाटला पाहिजे. तेच धोतर, तीच टोपी, तेवढेच वय. वर मागे केळीची बाग. "बाग म्हणू नका तुम्ही, ती फार महाग पडते," असं तो हसत म्हणाला, तेव्हा मला कळलं नव्हतं, नंतर चांगलंच कळलं.

मधल्या काळात दुसरा एक कोटेशनवाला भेटला, नाव घेत नाही, तो म्हणाला एआयवर तासाभरात आठ पानं देतो, पानाला दोनशे. सॅम्पल मागवलं. पहिल्या चौकटीत नानाला मिशी, दुसऱ्या चौकटीत मिशी गायब, तिसरीत नाना फेट्यात. ते एकवेळ चाललं असतं पण केळीच्या झाडाला लाकडाचा बुंधा आणि बाजूने फांद्या, आणि घडाच्या केळ्यांची टोकं सगळी खाली. रावेरच्या शेतकऱ्याला हे दाखवलं तर तो पुस्तिका सोडून आमच्या दुकानाचीच मापं काढेल. हरण्याचं पान कसं दिसतं हा तर सगळा मुद्दाच होता, पिवळसर तुटक पट्टे, पान अरुंद होतं, कडा वेड्यावाकड्या. त्या सॅम्पलमध्ये पानावर गोल ठिपके होते. ते वाचून कोणी दुसऱ्याच रोगाची झाडं उपटली असती. तिथेच तो विषय संपला.

आता मूळ गोष्ट, एका पानाला वेळ किती लागतो आणि तो जातो कुठे. मी एक दिवस त्याच्या खोलीवर बसलो होतो बराच वेळ, दुपारची वेळ, मे महिना, भुसावळचा मे म्हणजे सांगायला नको, कूलर घरघर करून राहिला होता. मला वाटलं होतं माणूस बसेल आणि काढायला लागेल. त्याने पहिला तास काहीच काढलं नाही. एकरेघी वही होती, शाळेतली, त्यात आगपेटीएवढ्या चौकटी, आत नुसत्या काड्या काड्यांची माणसं, एक काढायची, बघायची, काट मारायची. त्याला थंबनेल म्हणतात. एकाच पानाचे चार-पाच थंबनेल. मी विचारलं हे काय चाललंय, तर म्हणे भाऊ पानाचं खरं काम हेच आहे, डोळा वरून खाली कसा उतरेल, कोणता फुगा (संवादाचा गोल) आधी वाचला जाईल, मोठी चौकट कशाला द्यायची, उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत काय ठेवायचं म्हणजे माणूस पान उलटेल. आमच्या पुस्तिकेत उजव्या पानाच्या शेवटी नाना केळीचं पान उलटं करून बघतो आणि त्याचे डोळे मोठे होतात, बस. काय दिसलं ते पान उलटल्यावर, अख्ख्या अर्ध्या पानावर मावा. ही युक्ती मला त्याने सांगेपर्यंत लक्षातच आली नव्हती, आणि दुकानात मी बघितलंय, माणूस तिथे खरंच पान उलटतो.

थंबनेल झालं की पेन्सिल. आता तो पेन्सिल म्हणतो पण काढतो स्क्रीनवरच, पेन टॅब्लेट आहे, हातात दोन बोटांचा काळा मोजा घातलेला, हात स्क्रीनवर सरकावा आणि घामाने चिकटू नये म्हणून. निळ्या रेघांनी कच्चं काढतो. हे निळं कशाला ते विचारलं तर जुनी सवय आहे या धंद्याची, पूर्वी छपाईसाठी पानाचा फोटो घ्यायचे तेव्हा फिकट निळा रंग फिल्मवर यायचाच नाही, म्हणून निळ्याने कच्चं काढून वरून काळी शाई मारली की खोडायची गरज नाही. आता फिल्म गेली, निळा राहिला.

पेन्सिलला त्याला एका पानाचे साधारण चार-पाच तास. शाईला तीन-चार. मग फ्लॅट, म्हणजे प्रत्येक आकार वेगवेगळ्या सपाट रंगाने भरून ठेवायचा, सावली वगैरे नंतर, हे काम कंटाळवाणं आहे, तास-दीड तास जातो, मोठ्या शहरांत यासाठी वेगळा माणूस ठेवतात. मग खरे रंग, उजेड-सावली, दोन-तीन तास. फुगे आणि अक्षरं, एक तास. थंबनेल आणि फोटो बघणं धरलं तर एक पान बारा ते पंधरा तासांचं झालं. दिवसाला सलग आठ तास हात चालत नाही, मनगट धरतं, म्हणजे पान दोन दिवसाचं. मी तिथेच मोबाईलवर हिशोब केला, १८०० भागिले बारा-पंधरा, तासाला १२० ते १५० रुपये. आपल्याकडे ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर तासाला किती घेतो ते सगळ्यांना माहीत आहे. दादाला हा आकडा दाखवला तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला.

पण सगळी पानं सारखी नसतात हे ऑर्डर देणाऱ्याने नीट समजून घ्या, हा या रिव्ह्यूचा सगळ्यात कामाचा भाग आहे. चौकटी किती यावर वेळ ठरत नाही, चौकटीत काय मागितलंय यावर ठरतो. आमचं तिसरं पान म्हणजे नाना आणि त्याचा पुतण्या ओट्यावर बसून बोलतात, सहा चौकटी, ते पान एका दिवसात झालं. पाचवं पान, तीनच चौकटी, पण एक चौकट म्हणजे तोडणी झालेली केळी ट्रकमध्ये भरताना, डोक्यावर घड घेतलेले मजूर, खाली पाल्याचा थर, मागे बाग. या एका चौकटीला त्याचे दोन दिवस गेले. ही चौकट दादाची हौस, गोष्टीत तिची गरजही नव्हती, पण "आपल्याकडचं वाटलं पाहिजे" म्हणून घातली. दिसते भारी, खोटं बोलणार नाही. पण दोन दिवस!

आणि बाग. केळीचं एक पान काढायला बसलेला मी त्याला बघितलाय. आधी मधली शीर, एक लांब वाक, ती एका दमात आली पाहिजे नाहीतर पान मेलेलं दिसतं. मग दोन्ही कडा. मग वाऱ्याने फाटलेल्या चिरा, त्या कडेपासून शिरेपर्यंत जातात आणि शिरांच्या रेषेतच जातात, आडव्यातिडव्या नाही, हे त्याने आमच्या बागेत येऊन फोटो काढून बघितलं होतं. फाटलेल्या पट्ट्या थोड्या खाली लोंबतात, प्रत्येकीची सावली खालच्या पट्टीवर पडते. असं एक पान. झाडाला अशी आठ-दहा, आणि चौकटीत झाडं पंधरा. तो म्हणतो बाग महाग पडते ते यासाठी. मग तो चोरवाट काढतो, चांगल्या अर्थाने: पुढचं एक झाड नीट, त्याच्यामागचं नुसतं बाह्यरेषेत, त्यामागे हिरव्या सावल्या. आणि एकदा काढलेली बाग तीन चौकटींत वेगवेगळी कापून वापरली, मला त्याने दाखवेपर्यंत समजलं नाही, तुम्हालाही समजणार नाही. आमच्या दुकानाचं पण तसंच, दादाला फळीवरच्या सगळ्या बाटल्या दिसायला पाहिजे होत्या, त्याने एकदाच दुकान काढलं आणि नंतर काउंटरवर माणसं बदलली.

फोटो काढायला तो आमच्याकडे सकाळी आला होता, मीच त्याला गाडीवर घेऊन आलो फैजपूर-सावदा रस्त्याने. फैजपूर आलं तसं म्हणाला, भाऊ, १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाला इथे चित्रकार नंदलाल बोस आले होते, बांबू आणि गावातलंच सामान वापरून मंडप सजवला होता. मी जन्मापासून या रस्त्याने जातो, अधिवेशन माहीत होतं, बोसांचं माहीत नव्हतं. बागेत गेल्यावर मात्र त्याने पोंग्याचे (मधलं न उघडलेलं पान), पानाच्या खालच्या बाजूचे, माव्याचे एवढे फोटो काढले की आमचा सालदार वैतागला. मावा केवढा, त्याला पाय किती, तो पानावर कुठे बसतो. पुस्तिकेत भिंगाच्या गोलात मावा मोठा करून दाखवलाय, शेतकरी तो गोल बघून मग खऱ्या पानामागे बघायला जातात, हे मी स्वतः ऐकलंय दोघा-तिघांकडून. एकजण तर पुस्तिका तेच पान उघडून घेऊन आला आणि बोट ठेवून म्हणाला, "आमच्याकडे हेच आहे, उपटावं लागंन का?" हो म्हटलं. काही मारायला मागितलं नाही त्याने. पैसे तिथे वसूल झाले माझे.

बाकीच्या देशात कसं चालतं हे पण त्याच्याशी बोलता बोलता कळलं. अमेरिकेत महिन्याला निघणारा कॉमिकचा अंक साधारण २०-२२ पानांचा, पण तिथे एक माणूस पेन्सिल करतो, दुसरा शाई, तिसरा रंग, चौथा अक्षरं, आणि नुसत्या पेन्सिलचं दिवसाला एक पान हा तिथला चांगला वेग धरतात. जपानात साप्ताहिकात एका मालिकेची आठवड्याला वीसेक पानं जातात, पण मुख्य आर्टिस्टच्या हाताखाली असिस्टंट असतात, मागची घरं-झाडं, काळा रंग भरणं, ठिपक्यांचे टोन ही सगळी त्यांची कामं, आणि पानं बहुतेक काळी-पांढरी. फ्रान्स-बेल्जियमकडे ४६-४८ पानांच्या रंगीत अल्बमला वर्ष लागलं तरी कोणाला नवल वाटत नाही. दुसरं टोक म्हणजे स्कॉट मॅक्लाउड नावाच्या अमेरिकन आर्टिस्टने १९९० मध्ये मित्राबरोबर पैज लावल्यासारखं करून २४ तासांत २४ पानांचं कॉमिक काढलं, मग ती प्रथाच पडली, जगभर लोक करतात. दादाने हे ऐकून लगेच विचारलं, मग तू का नाही करत? तो म्हणाला करतो ना, पण मग त्यात केळीचं झाड म्हणजे एक उभी रेघ आणि वर दोन वाकड्या रेघा, चालेल? दादा म्हणाला नको, तू तुझे दोन महिने घे.

अजून एक किस्सा चांगला. ओट्यावर दोन माणसं बसून बोलतात ते पान त्याने पटकन केलं म्हटलं ना, पण ते कंटाळवाणं झालं नाही. एकदा वरून बघितल्यासारखं, एकदा नुसते हात आणि तंबाखूची डबी, एकदा दाराच्या चौकटीतून काळ्या सावल्या, एकदा नाना एकटाच मोठा. त्याच्या भिंतीवर एक झेरॉक्स चिकटवलेली होती, वॉली वूड नावाच्या जुन्या अमेरिकन आर्टिस्टच्या २२ चौकटींची, नुसती बडबड चालू असताना चित्र मेल्यासारखं दिसू नये म्हणून काय काय करता येतं त्याची यादीच. जगभरचे आर्टिस्ट ती भिंतीला लावतात म्हणे. आणि बाजूला आपल्या प्रताप मुळीकांची पानं. पुण्याचे. त्यांचा कॉमिकमधला नागराज आम्ही हिंदीत वाचला, त्यामुळे तो काढणारा मराठी माणूस असेल हे कधी डोक्यात आलंच नव्हतं.

कव्हर त्याने कागदावर हाताने केलं, निब आणि काळी वॉटरप्रूफ शाई. कागद छापायच्या मापाच्या दीडपट मोठा घेतला, मोठं काढून लहान केलं की रेघ घट्ट दिसते, थरथर लपते. हे काम तो पहाटे करायचा. दुपारी ४५ डिग्रीत निबवरची शाई रेघ पूर्ण व्हायच्या आत वाळते, दर दोन रेघांनी निब पुसायची. आणि कूलर लावला तर हवा दमट होऊन कागद लाटा मारतो. म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात शाईचं काम पहाटे चार ते आठ एवढंच. हे कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नसेल!

आता बदलांबद्दल. पेन्सिलच्या स्टेजला त्याने आठही पानं व्हॉट्सॲपवर पाठवली आणि स्पष्ट लिहिलं की जे काय बघायचं ते आत्ताच बघा. मी बघितलं, फवारणी करणारा माणूस तोंडाला काही न बांधता दाखवला होता, ते बदलून मास्क आणि हातमोजे घालायला लावले, फुकटात झालं. आईने बोली बदलली. आर्टिस्टने संवाद पुण्याच्या पुस्तकी मराठीत लिहिले होते, "काका, या पानाला काय झाले आहे?" असं. आई म्हणाली आपल्याकडे असं कोण बोलतं, आणि तिने सांगितलं तसं केलं, "नाना, हे पान असं पट्ट्या-पट्ट्याचं काहून दिसून राह्यलं?" हे पण फुकट. पण शाई आणि रंग होऊन सातवं पान आलं तेव्हा दादाला सुचलं की शेवटी नाना मोटारसायकलवर नको, ट्रॅक्टरवर पाहिजे. स्लॅब पडल्यावर बाथरूम सरकवायला सांगण्यातला प्रकार. बसायची उंची बदलते, मग नजर बदलते, मग मागचा रस्ता बदलतो, मग फुग्याला जागा राहत नाही, अर्धं पान नवीन. त्याने ९०० रुपये जास्तीचे लावले, दादाने कुरकुर करत दिले. माझ्या मते योग्य होते, कोटेशनमध्ये लिहिलेलंच होतं.

फुग्यांचं थोडं सविस्तर, कारण मराठीत करणाऱ्यांना हे लागणार. एका फुग्यात वीस-पंचवीस शब्दांच्या वर तो घेत नाही, आमचा मजकूर ऐकून त्याने निम्मा कापला. फुग्यांची जागा पेन्सिलच्या आधीच ठरवतो, नंतर चिकटवले तर कोणाच्या तरी डोक्यावर येतात. आपल्या अक्षरांना वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जागा जास्त लागते, इंग्रजी कॉमिकच्या मापाचा फुगा घेतला तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो. आणि जोडाक्षरं! काही सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीची सेटिंग चालू केली नाही तर "क्ष" चे तुकडे पडतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. त्याला हे माहीत होतं, त्याने शेवटी सगळी अक्षरं आकारात बदलून पीडीएफ दिली.

आणि तरी छपाईत घोळ झालाच. प्रिंटरचं नाव लिहीत नाही. आर्टिस्टने पीडीएफ दिली होती, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं चित्र सोडून, रंग छपाईच्या चार शाईंच्या हिशोबाने, ३०० डीपीआय. आत ८ पानं आणि कव्हरची ४ मिळून १२, म्हणजे मधे पिना मारायला चारच्या पटीत बरोबर बसतं. प्रिंटरकडच्या पोराने ती जास्तीची कड "पांढरी पट्टी येईल" म्हणून स्वतःच्या मनाने उडवली आणि चित्र थोडं ताणून बसवलं. पहिल्या गठ्ठ्यात दोन पानांवर फुग्यांची कड कापली गेली. परत छापून घेतलं, भांडून. तर ज्याला करायचंय त्याने एक नमुना प्रत कापून, पिना मारून हातात घ्या आणि मगच बाकीच्या छापायला सांगा. रंग मोबाईलवर दिसतात तेवढे चमकत नाहीत, हिरवा थोडा बसतोच, त्यात कोणाचा दोष नाही.

एक स्टार का कापला. पहिलं, दिवसा फोन उचलत नाही. कारण त्याचं बरोबर असेल, शाई करताना हात सुटतो वगैरे, पण गिऱ्हाईकाला निदान मेसेज तरी पाहिजे ना भो, एकदा तर पूर्ण आठवडा शांतता, आम्हाला वाटलं ॲडव्हान्स घेऊन गेला पोरगा. दुसरं, तारीख पुढे गेली, लागवडीच्या आधी वाटायची होती ती लागवड चालू असताना हातात आली. त्यात प्रिंटरचा वाटा आहे आणि दादाच्या ट्रकचाही आहे, पण ट्रकवाल्या चौकटीने दोन दिवस जातील हे त्याने तेव्हाच तोंडावर सांगायला पाहिजे होतं, तो भिडस्त आहे, नाही म्हणत नाही. तिसरं, त्याच्या चित्रातल्या सगळ्या बायका एकसारख्या दिसतात, आईने पण हे ओळखलं. चौथं, ओरिजिनल फाईल देत नाही, फक्त पीडीएफ, त्याचे वेगळे पैसे आहेत, हे कोटेशनमध्ये नव्हतं. तुम्ही घ्याल तेव्हा हे आधी विचारा, आणि पुढे तीच चित्रं फ्लेक्सवर, व्हिडिओत वापरायची असतील तर ते पण लिहून घ्या.

कोणी घेऊ नये ही सर्व्हिस? ज्याला पुढच्या आठवड्यात पाहिजे त्याने घेऊ नये. ज्याच्या घरात निर्णय घेणारी पाच माणसं आहेत त्यांनी घेऊ नये, किंवा मग पेन्सिलच्या स्टेजला पाचही जणांना एका खोलीत बसवून सह्या घ्याव्या. ज्याला नुसती माहिती द्यायची आहे, माणसं, गोष्ट काही नको, त्याला साधा तक्ता पुरतो, १८०० कशाला घालवायचे. पण शाळेसाठी, दवाखान्यासाठी, पाणी-माती-पिकासाठी, जिथे माणसाने अमुक एक गोष्ट डोळ्याने ओळखायला शिकायची आहे तिथे हे काम करतं. आमच्या पुस्तिका पोरंच आधी वाचतात आणि घरात मोठ्याने वाचून दाखवतात, तेवढा फायदा पत्रकाने कधी दिला नव्हता.

नंबर इथे टाकत नाही, त्याने नको सांगितलंय, दिवाळीपर्यंत हात भरलेले आहेत. दुकानावर या, मी बोलणं करून देतो. आमची पण दुसरी पुस्तिका ठरते आहे, ठिबकमधून खत कसं सोडायचं त्यावर, या वेळी गर्दीची चौकट एकच ठेवली आहे आणि ट्रक बिलकुल नाही, दादाकडून तसं कबूल करून घेतलंय.